मास्क आणि दाढी
आकुर्डी, रविवार

चि. बाळास,

काल खंडोबा माळाजवळ तुझ्या शिफ्टमधला मुलगा भेटला. म्हणाला, "मामा, तो दाढी काढायला तयार नाही. फिट टेस्टला मास्क बसत नाही, तरी पेंट बूथमध्ये तसाच उभा राहतो." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हार्डनर काय चीज आहे, हे मी तुला सांगायला हवं? त्यातल्या आयसोसायनेटने एकदा दमा धरला की पुढे जरा संपर्क आला तरी छाती भरते. दाढीच्या केसांतून हवा शिरते. मास्क असून नसल्यासारखा.

दाढी धर्मासाठी राखलीय म्हणून तू लेवीय 19:27 दाखवशील. मग नीट वाच. तिथे दाढीच्या कडा नष्ट करायला मनाई आहे. दाढी वाढवलीच पाहिजे असं कुठे म्हटलंय? तालमूदातल्या मक्कोत या भागात रब्बींनी याचा खल केलाय: वस्तरा निषिद्ध, कात्री चालते. मूर्तिपूजकांचे पुजारी तसं करत म्हणून ही मनाई, असं धर्मशास्त्री रामबाम सांगतो. विजेच्या मशीनची पाती कात्रीसारखी चालते म्हणून कित्येक रब्बी परवानगी देतात, काही देत नाहीत.

कोकणातले आपले पूर्वज, शनवार तेली, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत. नवसाच्या मुलाचे केस सहा-सात वर्षं राखत, मग कापून त्यांच्या भारोभार सोनं-चांदी दान करत. तालमूद हाती नव्हता, निष्ठा होती. आणि तू जेवणाच्या ताटावर बाबांना म्हणालास, "वस्तरा लावता, तुम्ही कसले यहुदी?" ज्यांनी बोट धरून तुला रास्ता पेठेतल्या सुक्कथ शलोमो सिनेगॉगमध्ये नेलं, त्यांना? शोभतं का हे?

तुझे आजोबा खिडकीला आरसा टेकवून, हनुवटीखालची कातडी ताणून धरत, छोट्या कात्रीने दाढी कातरायचे. वस्तरा का नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला मित्रांत जायची घाई असे. आता मक्कोत उघडलं की त्यांना विचारावंसं वाटतं, आणि ते नाहीत. तू या वयात विचारतोस, याचं मला फार कौतुक आहे.

पण पुन्हा तेच सांगतो, मास्क! जीव वाचवायचा असेल तर शब्बाथही मोडावा, ही पिकुआह नेफेशची शिकवण आपलीच. आज्ञा माणसाने जगावं म्हणून आहेत, हे लेवीयाच्या अठराव्या अध्यायातच आहे. तेव्हा उद्याच सेफ्टीवाल्यांकडे जा. ताज्या हवेची नळी जोडलेला सैल हूड माग. तो दाढीवरही चालतो. नाहीच मिळाला, तर दुसऱ्या लाईनवर बदली माग. तेही जमेना, तर मशीन लाव. कुठलं चालेल ते जाणत्यांना विचारू, मी बरोबर येतो.

रागाने लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. दाढी तुला शोभते. ताईने फोटो दाखवला, हुबेहूब आजोबा. ती राहावी असंच मलाही वाटतं. शुक्रवारी जेवायला ये, मामी नारळाच्या दुधातली मासळी करणार आहे. बाबाही येतील, त्यांच्याशी आधी तूच बोल, ते वाट बघताहेत. तोवर त्या मास्कवर बूथमध्ये पाऊल टाकू नकोस. एवढं माझ्यासाठी कर, राजा.

तुझा,
मामा