कार्डावरचे दोन आकडे

चि. छकुलीस,


उपकेंद्राचा चार्ज घेतलास, आशाताई चांगल्या मिळाल्या, हे वाचून जीव निवांत झाला. तुझा प्रश्न मात्र गंभीर आहे. लोहाच्या लाल गोळीने गरोदरपणात बीपी वाढतं असं कुणीतरी तुला सांगितलं, तर मग बीपी असलेल्या मातांची गोळी थांबवायची का, असं विचारतेस. थांबवायची नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील.

ही शंका आली कुठून, तेही समजून घे. प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातला बीपी चढण्याचा आजार, झालेल्या बायकांच्या रक्तात लोह आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बरेचदा जास्त सापडतं, हे खरं आहे. मोकळं लोह पेशींना इजा करतं, हेही खरं. पण या आजारात तांबड्या पेशी फुटतात, यकृताला मार बसतो, अंगात दाह असतो. या सगळ्यानेच फेरिटिन चढतं. म्हणजे वाढलेलं लोह पुष्कळदा आजाराच्या मागून आलेलं असतं. रोजच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळीने हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. आणि आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ५२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. तिथे भीतीपोटी गोळी बंद करणं म्हणजे बाईला बाळंतपणात रक्तस्रावाच्या तोंडी देणं.

तरीही त्या शंकेत एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपण सगळ्या हिमोग्लोबिन, म्हणजे एचबी, वाढवायच्या मागे असतो, त्यामुळे आकडा वर गेला की आनंद होतो. गरोदरपणात रक्तातलं पाणी ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, तांबड्या पेशी मात्र २० ते ३० टक्क्यांनीच. वरणात पाणी जास्त पडलं की डाळ विरळ दिसते, तसा सहाव्या-सातव्या महिन्यात एचबी थोडा उतरतो. हे उतरणं निरोगी आहे, वारेकडे रक्त नीट वाहावं म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. प्री-एक्लॅम्पसियात ही सोयच मोडते. रक्तवाहिन्या आवळतात, पाणी वाहिन्यांतून झिरपून अंगात उतरतं, रक्त घट्ट होतं आणि एचबी चढलेला दिसतो. बाईचं रक्त वाढलेलं नसतं, पाणी कमी झालेलं असतं.

मी पर्यवेक्षणाला असताना एका उपकेंद्रात असंच कार्ड हाती आलं. पहिलटकरीण, अठ्ठाविसाव्या आठवड्यात एचबी १०.२, चौतिसाव्यात १३.१. सिस्टरने कौतुकाने दाखवलं, घरचेही खूश होते. शेजारच्या रकान्यात बीपी होतं: तिसऱ्या महिन्यात १००/६४, आता १३४/८८. नियमाच्या १४०/९० च्या आत, म्हणून त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. बाईच्या बोटातली अंगठी दोऱ्याने साबण लावून काढावी लागली होती. लघवी तपासली तर अल्ब्युमिन दोन प्लस. त्याच दुपारी तिला जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात पाठवलं. तिथे बीपी आणखी चढलं, पण ती डॉक्टरांच्या नजरेखाली होती म्हणून आई आणि बाळ दोघं सुखरूप घरी गेली.

म्हणून तुला माझं एकच सांगणं आहे. एचबी आणि बीपी हे दोन रकाने कधी वेगवेगळे वाचू नकोस, आणि आजचा आकडा मागच्या महिन्यांच्या आकड्यांशी लावून बघ. शेवटच्या तिमाहीत एचबी १३ च्या वर असेल किंवा एकदम उडी मारलेली असेल, तर शाबासकी देण्याआधी बीपी पुन्हा घे, लघवी बघ, चेहरा आणि हात बघ. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, बरगडीखाली कळ येते का, हे नाव घेऊन विचार. त्या कळेला आपल्याकडे बायका ‘पित्त झालं’ म्हणतात आणि सोडा पिऊन गप्प बसतात.

दुसरं टोकही तितकंच वाईट. तीव्र रक्तक्षय असलेल्या बाईलाही हा आजार जास्त होताना दिसतो. एचबी सातच्या खाली आणि वर बीपी, अशा बाईचं हृदय आधीच थकलेलं असतं. सलाईन किंवा रक्त भरभर गेलं तर फुप्फुसात पाणी होतं. तिला उपकेंद्रात ठेवण्याचा विचारही करू नकोस.

आता गोळ्यांच्या वेळा. इथे फार घोटाळा होतो आणि तो तुझ्या हातात आहे. बीपीसाठी मिथिलडोपा चालू असलेली बाई रात्री जेवली की सगळ्या गोळ्या एका मुठीत घेऊन गिळते: लाल गोळी, कॅल्शियम, बीपीची. लोहासोबत घेतलेलं मिथिलडोपा अंगात नीट शोषलं जात नाही, बीपी आटोक्यात येत नाही, आणि मग गावात पसरतं की लाल गोळीनेच बीपी वाढलं. कॅल्शियम सोबत घेतलं तर उलट लोहच वाया जातं. तिच्या घरी जा, पाकिटं मांडायला सांग. कॅल्शियम सकाळी आणि संध्याकाळी जेवणासोबत, लाल गोळी रात्री निजताना, बीपीची गोळी लोहापासून निदान दोन तास दूर. चहा गोळीच्या आगेमागे तासभर नको. कॅल्शियमला दुय्यम समजू नकोस. ज्यांच्या जेवणात दूधदुभतं नाही त्यांच्यात ते प्री-एक्लॅम्पसियाचा धोका कमी करतं. आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, जुळं आहे, मधुमेह किंवा किडनीचा त्रास आहे, अशांना बाराव्या आठवड्यालाच डॉक्टरांपुढे उभं कर. कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची तर ती वेळेत सुरू झाली तरच उपयोगाची.

गोळ्या नेमाने घेऊनही एचबी हलत नसेल तर नुसता डोस वाढवत बसू नकोस, कारण लोहापलीकडचंही असू शकतं. लुसी विल्स या इंग्लंडच्या डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयावर काम केलं. लोहाने तो रक्तक्षय बरा होत नव्हता, यीस्टच्या अर्काने झाला. पुढे त्यातूनच फॉलिक ॲसिड सापडलं. आज तुझ्या लाल गोळीत ते ५०० मायक्रोग्रॅम असतं. तू तर गडचिरोलीत आहेस, तिथे सिकलसेल विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही. सिकलसेलच्या एसएस रुग्ण बाईला बीपीचा आजार होण्याचा धोका जास्त असतो, आणि वरचेवर रक्त चढवलेलं असेल तर अंगात लोह साठलेलंही असतं. तिला लोह किती द्यायचं ते फेरिटिन बघून डॉक्टरच ठरवतील. वाहक बाईला मात्र नेहमीची गोळी चालते.

आकडा खोटा असेल तर हे सगळं व्यर्थ. बोट दाबून रक्त काढू नकोस, त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं. पहिला थेंब पुसून टाक. बीपी घेताना ब्लाउजच्या बाहीवर पट्टा बांधू नकोस, ऊन तुडवत आलेल्या बाईला पाच मिनिटं टेकून बसू दे, दंड छातीच्या पातळीला ठेव आणि तिच्याशी बोलू नकोस. रजिस्टरमध्ये पानभर ११०/७० लिहिलेलं मी पाहिलं आहे. तसलं पान तुझ्या हातून लिहिलं जाऊ नये.

बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला तर बीपी असलेल्या बाईला मेथर्जिन द्यायचं नाही, त्याने बीपी भडकतं. ऑक्सिटोसिन दे. बीपीच्या या आजारातले झटके बाळंत झाल्यावरही येतात, बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, क्वचित त्यानंतरही. म्हणून बाळाचं वजन करायला घरी जाशील तेव्हा बीपीचं मशीन सोबत हवंच. लाल गोळ्याही पुढे १८० दिवस चालू ठेवायच्या असतात.

झटके आलेल्या बाईला वरच्या रुग्णालयात पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस उपकेंद्रातच द्यायचा असतो, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोल स्नायूत. तुझ्या कपाटात त्याच्या अँप्युल्स आहेत का आणि मुदत कधी संपते, ते उद्याच पाहून मला कळव.

तुझी,
मावशी