दाताची कीड

मुलांनो, दाताला कीड लागली असे आपण म्हणतो; परंतु या किडीला ना पाय, ना तोंड! हे कृत्य बहुधा ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ या जंतूचे. १९२४ साली क्लार्क यांनी लंडन येथे त्याचा शोध लावला. साखरेपासून तो आम्ल बनवितो. त्या आम्लाने झिजलेले दाताचे कवच पुन्हा उगवत नाही.

आपल्या लाळेत मात्र काही रक्षक आहेत. त्यांना पेप्टाइडे म्हणतात. ती प्रथिनांसारखीच, पण फार आखूड असतात. त्यांतील कित्येक जंतूंच्या आवरणास चिकटून छिद्रे पाडतात. परंतु मुखात उपकारक जंतूही नांदतात. सरसकट संहार काय कामाचा? म्हणून अमेरिकेत वेन्युआन शी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवे पेप्टाइड रचले. त्याचा एक भाग म्यूटन्सला हुडकतो, दुसरा त्याला मारतो. शेजारचे जंतू बहुतांशी वाचतात.