गाडी वॉरंटीत आहे, पण कागद कुठंय?



या महिन्याचा पाठ नव्या गाडीच्या वॉरंटीचा. गटातून किंवा बँकेतून कर्ज काढून कुणी स्कूटी घेते, कुणी भूमचा खवा, कळंबच्या बाजाराला भाजी न्यायला तीनचाकी टेम्पो. गाडी शोरूमला पंधरा दिवस उभी राहिली, तरी हप्ता काही थांबत नाही. अशा वेळी नुसतं भांडून भागत नाही, कागद लागतो.

आधी फरक समजून घ्या

फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी माफ. ऑइलचे पैसे बहुतेक वेळा द्यावेच लागतात. वॉरंटी म्हणजे गाडी बनवतानाच राहिलेला दोष कंपनीनं फुकट दुरुस्त करून देणं. ब्रेक शू, क्लच प्लेट असे झिजणारे भाग सहसा त्यात बसत नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा वेगळी असते. मुदत महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये असते. जे आधी भरेल ते धरतात. रोज बाजाराला जाणाऱ्या टेम्पोचे किलोमीटर लवकर भरतात, हे ध्यानात ठेवा.

चार सवयी

१. बिल आणि वॉरंटी पुस्तिका ताब्यात घ्या. पुस्तिकेवर विक्रीची तारीख आणि डीलरचा सही-शिक्का बघा.

२. सर्व्हिस वेळेवर करा, पुस्तिकेत नोंद करून घ्या. सर्व्हिस चुकली की वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं.

३. दर वेळी जॉब कार्ड घ्या. ‘गाडी त्रास देते’ असं मोघम नको. ‘घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन बंद पडतं’ असं लिहायला लावा. तोच दोष पुन्हा आला तर तेच शब्द पुन्हा लिहायला सांगा. कार्डावर नुसतं ‘जनरल चेकअप’ लिहिलं, तर गाडी तीनदा नेली तरी दोष कागदावर दिसत नाही.

४. ‘हे वॉरंटीत बसत नाही’ म्हणाले तर कारण लेखी मागा. तोवर बाहेरच्या मिस्त्रीकडून गाडी खोलू नका.

तरी ऐकलं नाही तर?

पहिली पायरी : डीलरला लेखी अर्ज, एक प्रत कंपनीला. पोच घ्या किंवा स्पीड पोस्टानं पाठवा. अर्जात एवढं पुरे :

‘मी अमुक तारखेला ही गाडी घेतली. अमुक दोषासाठी या-या तारखांना गाडी आणली, जॉब कार्डांच्या प्रती जोडल्या आहेत. दोष कायम आहे. पंधरा दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी, अन्यथा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.’

दुसरी पायरी : १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

तिसरी पायरी : जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे गाडी सोलापूर-लातूरला घेतली असली तरी तक्रार धाराशिवला चालते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र अर्ज करावा लागतो.

समोरचा म्हणेल, ‘टेम्पो धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक नाही.’ घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू असेल, तर कायदा आपल्याला ग्राहकच मानतो. तक्रारीत हे वाक्य आवर्जून लिहा.

बैठकीत चर्चा करा

- आपल्या गटात कुणाची गाडी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी वॉरंटीत आहे? मुदत कधी संपते?
- बिल कुणाच्या नावावर आहे, आणि ते आत्ता कुठं आहे?
- डीलरकडं जाताना सोबत कोण जाईल?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक तरी वॉरंटी कार्ड पिशवीत घेऊन या. मुदतीची तारीख सगळ्या मिळून वाचू आणि गटाच्या वहीत लिहून ठेवू.