नाव आधी की काम आधी?

व्यापारी बंधूंनो, सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. खाजगी नोकऱ्यांसाठी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. मुस्लिम नावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या सुमारे एक तृतीयांश भरली. आपल्याला हे ठाऊकच होते म्हणा!

पण वर्धा, हिंगणघाट, आर्वीतल्या आपल्या दुकानांचे काय? कारागीर हवा की मेहुण्याचा मुलगा, नाहीतर मोहल्ल्यातलाच कोणी. परक्या वस्तीतला आला की काम न पाहताच ‘जमणार नाही’ तोंडून निघते. त्यात द्वेष नसतो, सवय असते. शिलाईचे दुकान असेल तर सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवायला द्या. सदऱ्यावर नाव नको, नंबर टाका. शिलाई तपासून झाल्यावरच नाव-गाव विचारा.