हिमभूमीवरील छोटा संघ

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याकडे संग्रामपूर हे गाव आहे. तेथील उन्हाळा म्हणजे अंगाची लाही लाही करणारा. तेथील मुलांच्या परिचयाचा बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा! परंतु त्यांच्याच देशाच्या उत्तरेस हिमालय उभा आहे. हिवाळ्यात तेथील घरे, झाडे आणि वाटा शुभ्र होऊन जातात. हिमाचल प्रदेशात मनालीजवळ बुरुआ नावाचे असेच एक खेडे आहे. आंचल ठाकूर ही तेथली मुलगी.

मनालीच्या परिसरातील मुले पायांना लांब व अरुंद पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून वेगाने घसरत जातात. या पट्ट्यांना 'स्की' म्हणतात. आंचल आणि तिचा भाऊ हिमांशू या दोघांनाही या खेळाचा छंद जडला. परंतु तेथील बर्फ काही महिन्यांतच वितळून जातो, आणि बर्फ वितळला की सरावही थांबतो.

ऑस्ट्रिया देशातील इन्सब्रुक शहरात १३ ते २२ जानेवारी २०१२ या काळात पहिले हिवाळी युवा ऑलिंपिक भरले. 'इन नदीवरील पूल' असा या नगरीच्या नावाचा अर्थ आहे. १९६४ व १९७६ साली तेथे मोठ्यांचे हिवाळी ऑलिंपिक झाले होते. आता तेथील ज्योत तिसऱ्यांदा प्रज्वलित झाली, ती १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी. सुमारे ७० देशांतून हजारभर खेळाडू आले होते. त्यांत भारताचा संघ अगदीच छोटा. पंधरा वर्षांची आंचल त्या संघात होती.

स्कीच्या शर्यतींपैकी 'स्लालम' ही शर्यत मोठी कसोटीची असते. उतारावर खांब रोवून दारे केलेली असतात. त्या दारांतून नागमोडी वळणे घेत खाली यावयाचे. शर्यतीपूर्वी वाट नजरेखालून घालता येते. मात्र त्या दारांतून धावण्याचा सराव करता येत नाही. दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून क्रम ठरतो. सेकंदाच्या शंभराव्या भागानेही हारजीत होते आणि एक दार चुकले तरी खेळाडू बाद होतो. आल्प्स पर्वताच्या कुशीत वाढलेल्या मुलांशी अशा खेळात टक्कर देणे म्हणजे समुद्रकाठच्या मुलांशी पोहण्याची पैज लावण्यासारखेच होते!

इन्सब्रुक येथे भारताला पदक मिळाले नाही. पण आंचलने खेळ सोडला नाही. सहा वर्षे लोटली. जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरुम येथे तिने स्लालममध्ये कांस्यपदक जिंकले. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले पदक होय.

पदकाचा दिवस सर्वांच्या ध्यानात राहतो. पदक न मिळताही पुन्हा उतारावर उभे राहण्याचे दिवस कोणी मोजत नाही. परंतु २०१८ चे यश त्या न मोजलेल्या दिवसांनीच घडविले. संग्रामपूरच्या मुलांच्या वाट्याला हिमाचे उतार नसतील; पण चिकाटीला हवामानाचे बंधन नाही.

शब्दार्थ : प्रज्वलित होणे – पेटणे. नजरेखालून घालणे – पाहून घेणे. कसोटी – परीक्षा.

अभ्यास
१. आंचलच्या सरावात कोणती अडचण येत असे?
२. स्लालम ही शर्यत कसोटीची का मानली जाते?
३. 'न मोजलेले दिवस' म्हणजे कोणते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.