मॅक्बेथची सदसद्विवेकबुद्धि

‘मॅक्बेथच्या नाशाचें कारण काय?’ असा प्रश्न वर्गांत घातला म्हणजे बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें : तो महत्त्वाकांक्षी होता, चेटकिणींनीं त्यास भुलविलें व बायकोनें भरीस घातलें. हें उत्तर खोटें नव्हे, पण अपुरें आहे. दुष्ट मनुष्यानें दुष्टपणा केला तर त्याबद्दल शोक कोण करील? मॅक्बेथची कथा शोकान्त ठरते ती त्याला सदसद्विवेकबुद्धि नव्हती म्हणून नव्हे, तर ती पूर्णपणें जागी असतांहि त्यानें तिला मागें सारिलें म्हणून.

शेक्सपीअरनें हें नाटक सुमारें १६०६ सालीं लिहिलें. तें प्रथम छापलें गेलें १६२३ सालीं, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं. कथानक त्यानें हॉलिनशेडच्या बखरींतून घेतलें. इतिहासांत डंकन राजा १०४० सालीं मॅक्बेथशीं झालेल्या लढाईंत पडला व त्यानंतर मॅक्बेथनें सतरा वर्षें राज्य केलें. बखरींतील डंकन दुबळा आहे आणि बँको हा कटांत सामील आहे. नाटककारानें मात्र मॅक्बेथचे हे सर्व आधार काढून घेतले. येथें डंकन सौम्य व सज्जन आहे, बँको निर्दोष आहे, आणि वध होतो तो रणांगणावर नव्हे, तर मॅक्बेथच्या स्वतःच्या घरीं, पाहुणा झोंपेंत असतां. सबब म्हणून पुढें करावें असें कांहींच त्याच्यापाशीं उरलें नाहीं.

आणि हें तो स्वतः जाणतो. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशांत, मेजवानी चालू असतां, तो एकटाच बाहेर येतो व मनाशीं हिशेब मांडतो. डंकन आपला आप्त, आपला राजा, आपला पाहुणा. शिवाय इतका सालस कीं त्याच्यासाठीं सारें जग हळहळेल. दुसऱ्या पारड्यांत केवळ महत्त्वाकांक्षा. निकाल स्पष्ट आहे, आणि हें काम आतां पुढें न्यावयाचें नाहीं असें तो पत्नीस सांगतोहि.

मग पारडें फिरलें कशानें? प्रथम एका टोमण्यानें! पत्नी त्यास भित्रा ठरविते व त्याच्या पुरुषत्वावर शंका घेते. त्यावर, माणसाला शोभेल तेथपर्यंतच आपलें धैर्य, ती मर्यादा ओलांडणारा माणूसच नव्हे, अशा अर्थाचें उत्तर तो देतो. तो खरा कोण आहे हें या एका उत्तरांत आलें. परंतु थोड्याच वेळांत तो हें उत्तर सोडून देतो आणि ‘पुरुष’ या शब्दाची दुसऱ्यानें केलेली व्याख्या पत्करतो. माझ्या मतें त्याचें पतन येथेंच झालें. पांचव्या अंकांत दिसतो तो त्याचा परिणाम.

खून होतो. शेजारच्या खोलींत कोणी झोंपेंतून दचकून उठून देवाचें नांव घेतात, आणि ‘आमेन’ हा शब्द याच्या घशांतून निघत नाहीं. कृत्याची ओळख ठेवावयाची तर स्वतःची ओळख विसरली पाहिजे, असें त्यास वाटूं लागतें. आपण ‘मन खातें’ असें म्हणतों. मॅक्बेथचें मन त्याला खातें, आणि तें थांबविण्यास तो एकच उपाय जाणतो : आणखी एक गुन्हा. बँकोवर मारेकरी घातल्यावर रिकाम्या आसनावर त्याचें भूत पाहून तो थरथरतो. पण मॅक्डफच्या बायकामुलांच्या वधाची आज्ञा देतांना तो अडखळतहि नाहीं. भीति गेली, पण तिच्याबरोबर जीवनाची सारी गोडीहि गेली. थोड्याशा पाण्यानें हात स्वच्छ होतील असें जी म्हणाली होती, ती राणी झोंपेंत चालत न दिसणारे डाग चोळीत राहते. आणि तिच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हां पतीच्या डोळ्यांत अश्रूहि येत नाहीं. सरदाराचा राजा झाला. पदव्या वाढल्या, त्या धारण करणारा मनुष्य मात्र लहान होत गेला.

शेवटीं एक लहानशी गोष्ट बहुतेक वाचकांच्या नजरेंतून सुटते. रणांगणावर मॅक्डफ समोर येतो, तेव्हां मॅक्बेथ प्रथम त्यास परत फिरण्यास सांगतो. त्याच्या घरच्या रक्ताचा भार आपल्यावर आधींच फार झाला आहे असें त्यास वाटतें. म्हणजे तो आंतला आवाज मेलेला नव्हता. तो ऐकूं आला, पण तेव्हां ऐकून करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

मुलांनो, राज्यासाठीं खून करण्याचा प्रसंग तुमच्यावर येणार नाहीं. पण ‘भित्रा’ हा शब्द तुम्ही ऐकालच. परीक्षेच्या खोलींत किंवा मैदानावर सोबती तुम्हांस तो लावतील. त्या वेळीं मॅक्बेथचें पहिलें उत्तर आठवा व तें सोडूं नका. पालकांसहि एक विनंति आहे. वि. वा. शिरवाडकरांनीं ‘राजमुकुट’ (१९५४) या नांवानें हें नाटक मराठींत आणलें आहे; तें मुलांबरोबर वाचावें. आणि आपला मुलगा एखाद्या गोष्टीस ‘नाहीं’ म्हणून, सोबत्यांचें हंसें सोसून घरीं आला, तर त्याच्या त्या ‘नाहीं’ला घरांत तरी आधार मिळावा.