बर्फाची गाडी घेण्याआधी

बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा

चि. बाळू यास,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. नवरा-नवरी ढगातून चालत येतात, वरून पांढरे कण पडतात, मागे डीजे दणाणतोय. तुझी मामी म्हणाली, "हे मे महिन्यात?" मी म्हणालो, मे महिन्यातच, थंडीत याचे पैसे कोण देईल! तुझा बेत कळला. पुण्यातली नोकरी सोडायची, जुनी पिकअप घ्यायची, इथल्या लग्नांना बर्फ पोचवायचा आणि जोडीला 'स्नो' आणि 'ड्राय आइस एन्ट्री' विकायची. धंदा वाईट नाही, मी मोडता घालणार नाही. पण तुझ्या हिशेबाच्या कागदावर एन्ट्रीला दोन पानं आहेत आणि बर्फाला दोन ओळी. ते उलटं हवं होतं. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करून मोकळा होतोस, म्हणून हे लिहून पाठवतोय.

जागेबद्दल आधी. बीबी रस्त्यावरचं गाव, हे तुझं म्हणणं खरं. मेहकर, सिंदखेडराजा, जालना एकाच रस्त्यावर, लोणार हाकेवर. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो आपल्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतूनच गेलाय. म्हणजे माल आणायची सोय आहे. गिऱ्हाईकही तुला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे, आणि ते फक्त मंगल कार्यालयात नाही. रसवंतीवाले, लस्सीवाले, गोळेवाले आहेत. होळीच्या सुमाराला सैलानीची यात्रा आहे. खडकपूर्णा धरणावर मासेमारी करणारे आहेत. उन्हाळ्यात मोठ्या पुलाचं काँक्रीट ओतताना ते तापून तडकू नये म्हणून पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घालतात, हे तुला माहीत नसेल. असं काम जवळपास निघालं तर एक ठेकेदार चार लग्नांचा बर्फ एका दिवसात घेतो. शिवाय एक गिऱ्हाईक असं की ज्याची कोणी जाहिरात करत नाही. म्हातारा रात्री गेला, मुलगा पुण्या-मुंबईहून निघालाय, सकाळपर्यंत ठेवायचं आहे. थंड शवपेटी प्रत्येक वेळी मिळतेच असं नाही. मग लादी लागते, आणि ती रात्री दोन वाजता लागते. त्या घरी भाव करत बसू नकोस. जे ठरलेले असतील ते, तेही नंतर.

आता मुद्दा असा की ही सगळी गिऱ्हाइकं एकाच पिकअपमधून जाणार. तुझ्या धंद्याची सगळी गोम इथे आहे. मासळीखालचा, प्रेताखालचा, काँक्रीटमधला बर्फ आणि मठ्ठ्यात पडणारा बर्फ, दोन्ही दिसायला सारखेच पांढरे. म्हणून तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली नियम केला की न खाण्याचा बर्फ खाद्यरंग घालून निळा करायचा आणि खाण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. नियम इतका सोपा की शाळकरी पोराला कळावा. तरी लग्नाच्या हंगामात माल कमी पडला की कारखान्याच्या दारातच, "आज पांढरा संपला, हा घेऊन जा, टाकीत कोण बघतंय" असं ऐकायला मिळतं. त्या दिवशी गाडी रिकामी परत आण. आणि उलटी चोरीही होते: न पिण्याच्या पाण्याचा बर्फ रंग न घालता पांढराच विकतात. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ज्या कारखान्यातून माल घेशील तिथे त्यांचं पाणी कुठून येतं, बोअरचं की टँकरचं, शुद्ध करायचं यंत्र चालू आहे की नुसतं भिंतीला टांगलंय, हे स्वतः जाऊन बघ. पाणी तपासल्याचा ताजा कागद माग. देत नसतील तर दुसरा कारखाना.

जालन्याच्या बर्फ कारखान्यात मी अर्धं आयुष्य काढलं, तेव्हा आतलं थोडं सांगतो. तुला पुढे भाव करताना उपयोगी पडेल. मोठ्या टाकीत मिठाचं पाणी असतं. अमोनियाच्या यंत्राने ते उणे दहा अंशांच्या आसपास ठेवतात. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही. त्यात पत्र्याचे उंच डबे उभे करायचे, डब्यात साधं पाणी. सव्वाशे-दीडशे किलोची लादी पुरती गोठायला दीड-दोन दिवस लागतात. गोठणं कडेकडून आत सरकतं आणि पाण्यातले क्षार, हवा, घाण मधल्या भागात ढकलली जाते. म्हणून लादी मधोमध पांढुरकी दिसते. नीट कारखाना गोठताना आत हवा सोडून पाणी हलतं ठेवतो आणि शेवटी मधलं खारट पाणी उपसून चांगलं पाणी भरतो. त्याची लादी काचेसारखी निघते. घाई करणारा कारखाना हे काही करत नाही. वर पोकळी ठेवून लादी लवकर काढली की वजनही कमी भरतं, म्हणून लादीच्या हिशेबाने घेऊ नकोस, काट्यावर घे. आणि एक समज डोक्यातून काढ. गोठलं की जंतू मरतात असं लोक म्हणतात. मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबतात. ग्लासात बर्फ वितळला की ते पुन्हा कामाला लागतात.

हे मी इतकं ताणतोय त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच तालुक्यात सोमठाण्याला काय झालं ते तू पेपरात वाचलं असशील, आम्ही इथे पाहिलं. हरिनाम सप्ताह, एकादशी, भगर-आमटीचा प्रसाद, आणि रात्री शेकडो माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी. त्यांना इथे बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं. खाटा पुरेनात तेव्हा बाहेर रस्त्याकडेला झोपवलं आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकावल्या. त्या प्रकरणाचा बर्फाशी काही संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. पण पाचशे माणसांची पंगत म्हणजे काय जोखीम असते, ते त्या रात्री गावाने पाहिलं. आणि लग्नात भाजी न खाणारा सापडेल, पाणी न पिणारा सापडत नाही.

पाणी गार करायची रीत तुला माहीत आहे: सिंटेक्सच्या टाकीत लादी फोडून सरळ टाकायची. म्हणजे तो बर्फ पाचशे लोकांच्या पोटात जाणार. किती टाकायचा याचा हिशेब मात्र आचारी अंदाजाने करतो आणि तुला पहाटे फोन करून "अजून दोन लाद्या" म्हणतो. तू हिशेबाने कर. एक किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता घेतो तितक्यात एक किलो पाणी ऐंशी अंशांनी थंड होईल. तीस अंशांचं पाणी दहावर आणायचं तर एक किलो बर्फाला साधारण साडेचार लिटर पाणी. पाचशे लिटरच्या टाकीला सव्वाशे किलो धर, म्हणजे टाकी तापलेली असली तरी भागतं. हे तू आचाऱ्याला आदल्या दिवशी सांगितलंस की तो पुढच्या लग्नाला तुलाच बोलावतो.

वाहतुकीबद्दल फार लिहीत नाही, ते तू आठ दिवसांत शिकशील. लादी अख्खी न्यावी, जागेवर फोडावी; चुरा केला की हवा लागायला जागा वाढते आणि वाटेतच पाणी होतं. रात्री भरावं. वितळलेलं पाणी गाडीतून वाहून जाऊ द्यावं, लाद्या त्यात बसू देऊ नयेत. आमच्या वेळी सगळ्याच लाद्यांवर भुसा आणि गोणपाट असे. खाण्याच्या बर्फाला आता भुसा लावू नको. आत धुतलेलं जाड प्लास्टिक, बाहेर हवं तितकं बारदान. भुशाला मात्र नावं ठेवू नको. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तळ्यातला बर्फ कापून जहाजाने कलकत्त्याला पाठवला, तेव्हा चार महिन्यांच्या प्रवासात, विषुववृत्त ओलांडून, तो भुशासारख्याच आवरणाने टिकवला. निघताना एकशे ऐंशी टन होता, पोचला शंभरेक टन. तुला जालन्याहून बीबीपर्यंत यायचंय.

पेट्या मात्र दोन जातीच्या ठेव. खाण्याच्या पांढऱ्या, बाकीच्या निळ्या, आणि त्यांची अदलाबदल जीव गेला तरी नाही. मटका कुल्फीवाला तुझ्याकडून निळा बर्फ घेईल, कारण तो बर्फ-मीठ डब्याच्या बाहेर घालतो, त्याला चालतो. पण शेजारच्या गोळेवाल्याचा माल संपला की तो याच्याकडूनच उसना घेतो. यात्रेत हे हमखास होतं. म्हणून दोघांनाही एकाच भावाने पांढराच दे. चार पैसे कमी सुटतील, सुटू देत. एफएसएसएआयची नोंदणीही पहिल्याच महिन्यात करून घे, "पुढच्या हंगामात बघू" नको.

आता तुझा लाडका विषय.

खरा बर्फ पाडायचा म्हणजे काय, ते आधी समजून घे. ज्या यंत्राने परदेशात स्कीच्या उतारांवर आणि आपल्याकडे औलीला बर्फ पाडतात, ते पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत फेकतं. खाली पडेपर्यंत ते गोठतात. त्याला हवा शून्याच्या आसपास किंवा त्याखालीच लागते. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्रीही तसं होत नाही, मे महिन्याचं सोडून दे. खोपोलीजवळ इमॅजिकात, कुर्ल्याच्या मॉलमध्ये, हैदराबादच्या स्नो वर्ल्डमध्ये बर्फ दिसतो तो चारी बाजूंनी बंद, उणे तापमानात ठेवलेल्या दालनात. तेव्हा बीबीतल्या लॉनवर तुला जे विकायचं आहे तो बर्फच नाही. एक तर साबणासारख्या द्रवाचा फेस, नाही तर डबीतला फवारा, नाही तर पाणी टाकलं की फुगणारी पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तीच चीज. फेसाने फरशी निसरडी होते आणि नऊवारीतली बाई घसरली की लग्न राहतं बाजूला. फवाऱ्याच्या डबीत ढकलायला भरलेला वायू पेट घेणारा असतो. शेजारी होम आणि फटाके असतात, तिथे तो मारायचाच नाही. फेसाचं यंत्र ठेवायचं तर ठेव. उघड्या जागेत, वाट सोडून, आणि नवरदेवाच्या बापाला आधी सांगून की हा फेस आहे.

लादी भरडून पंख्याने उडवायची कल्पना तू लिहिलीस. ते होतं, अमेरिकेत करतातही. पण एक टन बर्फ म्हणजे हजार लिटर पाणी, आणि ते चाळीस अंशांत बघता बघता चिखल होणार. आपल्या तालुक्यात मे महिन्यात बाया टँकरची वाट बघत उभ्या असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत तू हे करू नयेस असं मला वाटतं. कायदा अडवणार नाही, मी अडवतोय.

ड्राय आइसचं मात्र ठाम नाही म्हणतो. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे साडेअठ्ठ्याहत्तर अंशांचा. हाताला लागला तर भाजल्यासारखी कातडी जाते. एक किलोतून पाचशे लिटरच्या वर वायू निघतो, तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. तुला तेच हवंय, कारण त्यानेच ढग खाली राहतो. पण त्या उंचीवर लग्नात कोण असतं? पोरं. बंद हॉलमध्ये, खिडक्या लावून एसी चालू असताना, तो श्वास कोंडतो. ड्राय आइस झाकण घट्ट लावलेल्या डब्यात ठेवला तर डबा फुटतो. आणि तो दिसतो बर्फासारखाच. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामला एका हॉटेलात मुखवास समजून लोकांनी तो तोंडात टाकला आणि रक्ताच्या उलट्या झाल्या. त्याच वर्षी छत्तीसगडमधल्या राजनांदगावची बातमी होती: लग्नात तीन वर्षांच्या मुलाने साधा बर्फ समजून खाल्ला, मूल गेलं. मोठ्या शहरात प्रशिक्षित माणसं, हातमोजे, पहारा ठेवून हे करत असतील. आपल्या मांडवात पहारा कोण ठेवणार, तू? तू तर तेव्हा आचाऱ्याच्या टाकीत लादी फोडत असशील. पांढऱ्या बर्फाच्या गाडीत दुसरा पांढरा बर्फ, जो खाल्ला तर माणूस मरतो, तो न्यायचाच नाही. गिऱ्हाइकाने दुसरा माणूस आणला तर आणू दे. तुझं बिल बर्फापुरतं आणि गाडी लांब लाव.

पैशाचं तुला वाटेल की मामाने अर्धा धंदा कापला. कापला खरा. पण एन्ट्री वर्षातून लग्नाच्या मोजक्या तिथींनाच विकली जाते, आणि पुढच्या वर्षी नवीन फॅशन आली की यंत्र ओट्याखाली जातं. रसवंतीवाला होळीपासून मृग लागेपर्यंत रोज सकाळी दारात उभा असतो. तुझ्या आईने साठवलेले पैसे त्याच्या भरवशावर लाव.

तर आता इतकं कर. पिकअपचा सौदा थांबव. ती आज आहे तशी पुढच्या महिन्यातही मिळेल. सुट्टी काढून दोन दिवस ये. आपण दोघं जालन्याला जाऊन दोन-तीन कारखाने आतून बघू, पाण्याचे कागद मागू, तिथल्याच नळाचं पाणी बाटलीत भरून बुलढाण्याला सरकारी प्रयोगशाळेत देऊ. अहवाल आला की गाडीचं बोलू, आणि कमी पडतील ते पैसे मी घालीन.

तुझा,
मामा